बेळगावला आम्ही होतो

हिंगोलीत पासष्टी ओलांडलेला कुठलाही माणूस गाठा आणि सहज विचारा, ‘‘हरिश्चंद्र बिराजदारांची सत्पालबरोबरची कुस्ती कुठं झाली हो?’’ नुसतं ‘बेळगावला’ असं उत्तर मिळणार नाही. तो म्हणेल, ‘‘बेळगावला. आम्ही होतो ना तिथं!’’

मी आजवर ऐकलेली सगळी ‘आम्ही’ जमेस धरली, तर 1977 साली त्या मैदानात हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा आणि सेनगाव या पाच तालुक्यांतून एवढी माणसं गेली होती, की खुद्द बेळगावकरांना आत शिरायला वाट मिळाली नसेल. इतकी मराठी माणसं त्या दिवशी खरोखर तिथं असती, तर सीमाप्रश्न संध्याकाळच्या आत मिटला असता. सुप्रीम कोर्टाचा वेळ वाचला असता.

भूगोलाला मात्र हे पटत नाही. हिंगोली ते बेळगाव साडेपाचशे किलोमीटर तरी होतं. त्या काळी आमचा जिल्हासुद्धा नव्हता. आम्ही परभणीत मोडत होतो आणि परभणीलाही कोर्टाची तारीख पडली तरच जात होतो. स्टेशनच्या पाटीवर नाव भारदस्त, ‘हिंगोली डेक्कन’, पण गाडी मीटरगेजची. ती पूर्णेला सोडणार. पूर्णेहून परभणी, परभणीहून परळी, परळीहून एसटीनं लातूर, लातुरातून बार्शी लाइटच्या छोट्या गाडीत बसून कुर्डुवाडी, पंढरपूर करत मिरज, आणि मिरजेला पुन्हा गाडी बदलून बेळगाव. या वाटेनं एखादी कुस्ती बघायला निघालेला माणूस त्याच मैदानातल्या पुढच्या वर्षीच्या कुस्तीला वेळेवर पोचला असता. पण आमचे दाजी सांगतात, ‘‘सकाळी निघालो, दुपारी कुस्ती पाह्यली, रातच्याला जेवायला घरी.’’ दाजींच्या बोलण्यावर कोणी शंका घेत नाही. कारण शंका घेणाराही बेळगावला होता.

बिराजदार आमच्या जिल्ह्याचे नव्हते. निलंगा तालुक्यातलं रामलिंग मुदगड हे त्यांचं गाव. 5 जून 1950 ला ते जन्मले तेव्हा तो भाग बीदर जिल्ह्यात होता. लातूर जिल्हा व्हायला 1982 उजाडायचं होतं. पण जिल्ह्याच्या हद्दी तलाठ्यासाठी असतात, पैलवानासाठी नसतात. कुस्ती म्हणजे कोल्हापूर, फार तर सांगली आणि सातारा, असं सगळ्या महाराष्ट्रानं ठरवून टाकलेलं. मराठवाड्याचं नाव निघायचं ते निजाम, दुष्काळ आणि अनुशेष या तीनच विषयांत. अशा मुलखातलं पोरगं उठून कोल्हापूरला गंगावेस तालमीत जातं, विशी गाठायच्या आत 1969 साली थेट लातूरच्याच मैदानात महाराष्ट्र केसरी होतं, पुढच्या वर्षी एडिंबरोहून राष्ट्रकुल स्पर्धेचं सुवर्णपदक आणतं आणि 1972 साली रुस्तुम-ए-हिंद होतं. आता तो हिंगोलीचा नाही असं म्हणायची कोणाची छाती आहे? दाजींनी तर त्यांचं आजोळ कळमनुरी तालुक्यात नेऊन ठेवलंय. गाव अजून ठरायचंय.

आणि समोर सत्पाल. दिल्लीच्या गुरू हनुमान आखाड्यातला उंचापुरा, धिप्पाड गडी. पुढे 1982 च्या आशियाई खेळात त्यानं सुवर्णपदक मिळवलं आणि आणखी पुढे सुशीलकुमारसारखा दोन ऑलिम्पिक पदकांचा चेला घडवला. हा सत्पाल बेळगावात बिराजदारांकडून हरला. एवढीच गोष्ट. इतिहासाच्या पुस्तकात ती एका ओळीत मावते. गांधी चौकातल्या हॉटेलात ती दोन कप चहा आणि एक प्लेट भज्यांत मावत नाही.

मुळात ही कुस्ती कोणत्या डावावर सुटली, याबद्दल आमच्याकडे चार घराणी आहेत. एक घिस्सावाले, दुसरे ढाकवाले, तिसरे कलाजंगवाले. चौथ्या घराण्यात एकटे निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांच्या मते कुस्ती डावावर सुटलीच नाही. बिराजदारांनी नुसतं रोखून पाहिलं आणि सत्पालच्या गुडघ्यातलं बळ गेलं. चारही घराण्यांचे साक्षीदार मैदानात पहिल्या रांगेत बसलेले होते. ती पहिली रांग केवढी लांब असेल, याचा विचार मी आता सोडून दिलाय.

डाव सांगून कळत नाही, दाखवावा लागतो, आणि दाखवायला समोर एक देह लागतो. माझं वजन बेताचं असल्यामुळं आणि मी हॉटेलात बहुधा एकटाच येत असल्यामुळं हा मान मला मिळतो. गेली काही वर्षं मी सत्पाल आहे. घिस्सावाल्यांनी मला बाकड्यावर पालथं पाडून माझ्या मानेवर हात रोवला, तेव्हा माझा चहा सांडला. ढाकवाल्यांनी माझ्या सदऱ्याची बाही उसवली. कलाजंग दाखवताना दाजींनी मला खांद्यावर घेतलं, अर्ध्या उंचीपर्यंत नेलं आणि तिथंच त्यांची कंबर धरली. खाली येता येईना, वर जाता येईना. हॉटेलवाल्यानं भज्यांचा झारा ठेवून मला उतरवून घेतलं. एवढं होऊनही दाजी कण्हत म्हणाले, ‘‘पाह्यलं? अस्साच उचलला होता!’’ मुख्याध्यापकांचा डाव त्यातल्या त्यात बरा. ते नुसते रोखून बघतात. त्यात कपडे फाटत नाहीत.

दुसरा विषय खुराकाचा. चाहत्यांच्या आठवणीत पैलवान पुन्हा पुन्हा कुस्ती खेळतो, पण त्याहून जास्त वेळा तो जेवतो. मी लहान असताना बिराजदार सकाळी दोन लिटर दूध प्यायचे. मी कॉलेजात गेलो तेव्हा चार प्यायला लागले. परवाच्या बैठकीत ते म्हैस विकत घ्यायचे आणि संध्याकाळी परत करायचे, इथपर्यंत प्रकरण गेलं. बदामांचं तेच. शंभर बदामांपासून सुरुवात झाली, मग पसाभर, मग पायलीभर. आता बदाम मोजत नाहीत. थंडाई घोटणारी माणसं मोजतात. जोर-बैठकांचा आकडा तर सहकारी बँकेच्या व्याजासारखा बसल्या जागी फुगतो. दाजींच्या हिशेबानं पैलवान दिवसाला जेवढे जोर मारायचे, तेवढे मारायला सव्वीस तास लागतात. मी तसं कागदावर मांडून दाखवलं. दाजी म्हणाले, ‘‘म्हणून तर ते केसरी झाले. चोवीस तासात तर कोनीबी मारंल.’’

आता आमच्या आखाड्यांविषयी दोन शब्द. तालमीतली माती म्हणजे काही शेतातून उचलून आणलेली माती नव्हे. तांबडी, चाळलेली माती लागते. तिच्यात हळद, तेल, ताक, लिंबू मुरवावं लागतं. हळद जखमेला चांगली, ताक-तेलानं माती मऊ राहते. या हिशेबानं देशातले निम्मे पैलवान हिंगोली जिल्ह्यातून यायला हवे होते. हळदीला आमच्याकडे काय तोटा? वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. हिंगोलीच्या मार्केट यार्डात हंगामात पाय ठेवला, तर धुतलेला सदराही पिवळा होऊन बाहेर येतो. घोडं अडलं ते मातीपाशी. आमची माती काळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती पाय सोडत नाही. तिच्यात पाठ टेकलेला माणूस चीत झालाय की रुतलाय, हे ठरवायला पंच पुरत नाही, बैलजोडी लागते. म्हणून तांबडी माती बाहेरून आणायची. पुढे हळदीचे भाव चढले, तेव्हा आखाड्यात हळद टाकणाऱ्या वस्तादांकडे लोक सावकाराकडे बघावं तसं बघायला लागले.

तरीही कुस्ती टिकून आहे, ती जत्रांमुळं आणि दसऱ्यामुळं. हिंगोलीचा दसरा दीडशेहून जास्त वर्षांचा. रामलीला मैदानावर प्रदर्शन भरतं, पाळणे फिरतात, रावण जळतो. आणि जत्रेचा फड कुठल्याही गावचा असो, त्याचा क्रम ठरलेला. आधी रेवड्यांवर पोरांच्या कुस्त्या. यात हरलेला रडतो आणि जिंकलेला रेवड्या वाटून घ्याव्या लागतात म्हणून रडतो. मग नारळाच्या कुस्त्या. मग इनामाच्या. हलगी तापत जाते, निवेदकाचा आवाज बसत जातो, आणि दिवस कलायला लागला की मानाची कुस्ती. तोवर पंचांच्या फेट्यांवर इतकी माती बसलेली असते, की कोणत्या पंचाचा फेटा कोणत्या रंगाचा होता, यावरही पैज लागावी. मानाची कुस्ती निम्म्या वेळा बरोबरीत सुटते. पाऊण तास दोघं एकमेकांच्या मानेला हात घालून उभे. खडाखडी संपत नाही. लोक ओरडतात, ‘‘लावा की डाव!’’ दोघंही ऐकतात आणि पुन्हा मानेला हात घालतात. पण चाळीस वर्षांनी हीच कुस्ती आठवणीत येते तेव्हा ती अडीच मिनिटांत निकाली निघालेली असते. आणि जिंकणारा आपल्या गावचा असतो.

अशा फडांतून नाव कमावलेले एक जुने पैलवान आमच्या हॉटेलात रोज सकाळी येतात. एसआरपीच्या हिंगोली गटातून निवृत्त झाले. पैलवान ओळखायचा तो कानांवरून. मातीत घासून, मार खाऊन त्यांचे दोन्ही कान असे मिटलेत, की चष्म्याची काडी कुठं अडकवायची हा प्रश्न चष्म्याच्या दुकानदाराला पडतो. एके काळी या माणसाच्या नावाची चिठ्ठी निघाली की समोरच्या गावचा पैलवान आजारी पडायचा. आता गुडघे कुरकुरतात, डॉक्टरांनी साखर बंद केलीय, आणि ज्या माणसाच्या खुराकाच्या गोष्टी ऐकून पोरं मोठी झाली, तो बिनसाखरेच्या चहात अर्धं बिस्कीट बुडवून खातो. उरलेलं अर्धं पुडक्यात परत ठेवतो. बायको मोजते म्हणे.

त्यांची अडचण अशी की त्यांना स्वतःच्या कुस्त्या खऱ्या आठवतात. माजी विजेत्यासाठी याहून घातक सवय नाही. परवा दाजी सगळ्या हॉटेलला औंढ्याच्या शिवरात्रीच्या जत्रेतली कुस्ती सांगत होते. पैलवानांनी समोरच्याला कसा उचलला, कसा फिरवला, कसा आदळला. ऐकणाऱ्यांनी भजी हातातच धरून ठेवली होती. पैलवानांनी बिस्कीट बशीत ठेवलं आणि हळूच म्हणाले, ‘‘दाजी, ती कुस्ती म्या हरलो व्हतो.’’

हॉटेलात शांतता पसरली. दाजींनी त्यांच्याकडे अत्यंत प्रेमानं पाहिलं. ‘‘पैलवान, तुम्ही गप बसा. तुम्ही खाली होता, तुम्हाला काय दिसणार? आम्ही वरून पाहात होतो.’’

‘‘अहो, खाली व्हतो म्हणूनच तर म्हणतो ना!’’

कोणी ऐकलं नाही. मतदान घेतलं असतं तरी पैलवान एकमतानं जिंकले असते; विरोधात एकच मत, त्यांचं स्वतःचं. शेवटी तेही गप्प बसले आणि पुढे जेव्हा दाजींनी आदळण्याचा भाग पुन्हा सांगितला, तेव्हा पैलवानांची मान किंचित हलली. होकारार्थी. मी स्वतः पाहिलं. डॉक्टरांनी साखर बंद केली आहे. ही साखर त्यांच्या यादीत नाही.

या बैठकीत एकच परदेशी खेळाडू चालतो. मुहंमद अली. त्याची बाजू आमचे घड्याळ दुरुस्त करणारे चाचा लढवतात. चाचांकडे अलीचा एक जुना फोटो आहे, मासिकातून कापलेला, दुकानाच्या काचेला आतून लावलेला. 30 ऑक्टोबर 1974 ला किन्शासात अलीनं जॉर्ज फोरमनला आठव्या फेरीत झोपवला, हे चाचा घड्याळाच्या आवाजात सांगतात. आधी सात फेऱ्या टिकटिक आणि मग एकदम टोला. जानेवारी 1980 मध्ये अली दिल्लीला आला होता, आपल्या कौरसिंगबरोबर प्रदर्शनी लढत खेळला होता. चाचा तिथं नव्हते. ते तसं स्वच्छ सांगतात. या प्रामाणिकपणामुळं हॉटेलात त्यांचं वजन जरा कमीच आहे.

‘‘अली के सामने तुम्हारे बिराजदार कितना टिकते, दाजी?’’ चाचा विचारतात.

‘‘पहिला प्रश्न,’’ दाजी बोट वर करतात, ‘‘तुमच्या अलीच्या हातात ते फुगलेले हातमोजे. मूठ मिटलेली. मूठ मिटलेला माणूस पकड कशी करणार? आमचा माणूस सरळ पट काढणार.’’

आता याला जोड म्हणून सांगतो, की असा सामना खरोखर झालेला आहे. 26 जून 1976, टोकियो. एकीकडे अली, दुसरीकडे जपानचा पैलवान अँटोनियो इनोकी. जग श्वास रोखून बसलं. आणि इनोकी काय करतो? तो पाठीवर आडवा पडतो आणि पडल्या पडल्या अलीच्या पायांवर लाथा मारत सुटतो. पंधरा फेऱ्या. अली वरून म्हणतोय ऊठ, हा खालून लाथ मारतोय. शेवटी सामना बरोबरीत. अलीचे पाय सुजले, प्रेक्षक चिडले. मी ही हकीकत हॉटेलात सांगितली तेव्हा चाचा म्हणाले, ‘‘जपानी चालाक निकला.’’ दाजी मात्र हतबुद्ध झाले. ‘‘पाठीवर पडला? सोताहून? मग कुस्ती पहिल्याच मिनिटाला संपली की! पाठ टेकली ना त्याची? पंच काय करायले व्हते?’’ आमच्या जत्रेतला एक साधा पंच त्या दिवशी टोकियोत असता, तर चौदा फेऱ्या आणि अलीचे पाय वाचले असते.

पाठ न टेकण्याचीही एक जुनी गोष्ट आहे. 1910 साली लंडनला गामा पैलवानासमोर पोलंडचा झिबिस्को उभा राहिला. म्हणजे सुरुवातीला उभा राहिला. मग तो मॅटवर पालथा पडला आणि तासन् तास पालथाच राहिला. पोटाखाली सोन्याचा हंडा असावा असा. गामानं सगळं करून पाहिलं, गडी उलटेना. लढत बरोबरीत सोडली. दोघांची पुन्हा गाठ पडायला 1928 उजाडलं. यावेळी मैदान पतियाळाचं होतं, आणि गामानं मिनिटाच्या आत त्याला उताणा केला. अठरा वर्षं तो माणूस बहुधा त्याच डावाची चिंता करत असणार. ही गोष्ट दाजींना फार आवडते. फक्त त्यांच्या आवृत्तीत पतियाळाच्या जागी हळूहळू परभणी यायला लागलंय.

बॉक्सिंगमधल्या दुसऱ्या एका थोर पुरुषाबद्दल, म्हणजे माइक टायसनबद्दल, आमचं मत चांगलं नाही. 1997 साली त्यानं चालू लढतीत होलिफिल्डचा कान चावला. जुन्या पैलवानांना हे कोणीतरी सांगितलं तेव्हा त्यांचा हात नकळत स्वतःच्या कानाकडे गेला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘आमचे कान मोडले, पन कुनी खाल्ले नाहीत. संस्कार असतात बाप्पा.’’

हे सगळं ऐकत बसलेली कॉलेजची पोरं मध्येच एक जीवघेणा प्रश्न विचारतात. ‘‘दाजी, त्या बेळगावच्या कुस्तीची क्लिप आहे का?’’

इथं मात्र सगळी घराणी एक होतात. क्लिप! हीच तर मेख आहे. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा नव्हता, म्हणून प्रत्येकाच्या डोक्यात एक कुस्ती आहे, आणि प्रत्येकाची वेगळी. आज राहुल आवारेची कुस्ती घ्या. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा हा पठ्ठ्या बिराजदारांच्याच तालमीत घडला, पुढे बिराजदारांचेच शिष्य काका पवार यांच्या हाताखाली तयार झाला, 2018 साली गोल्ड कोस्टहून राष्ट्रकुल सुवर्ण घेऊन आला आणि 2019 ला जागतिक स्पर्धेत कांस्य. आम्ही सगळ्यांनी ते मोबाइलवर पाहिलं. पुन्हा पाहिलं. हळू करून पाहिलं. सगळ्यांना तोच डाव दिसला, तेवढेच गुण दिसले. वाद घालायला काही उरलंच नाही. दहा मिनिटांत चहा संपला आणि लोक घरी गेले. ‘‘गोल्ड कोस्टला आम्ही...’’ असं म्हणून दाजींनी एकदा घसा खाकरला होता, पण पासपोर्टचा विषय निघेल म्हणून तिथंच थांबले.

तुम्ही म्हणाल, मग हे सगळं खोटंच की. एका अर्थानं हो. पण खऱ्या आठवणी ज्यांनी ठेवायच्या होत्या, त्यांनी काय ठेवलं ते बघा. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांना पाठवायला प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. परत आले तेव्हा कराडजवळच्या गोळेश्वर या त्यांच्या गावाकडे एकशे एक्कावन्न बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. म्हणजे लोकांना लगेच समजलं. सरकारला समजायला वेळ लागला. 1984 साली खाशाबा अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर सोळाएक वर्षांनी. सरकारी आठवण नेहमी अचूक असते. ती फक्त वेळेवर येत नाही. चाहत्यांची आठवण चुकीची असते, पण ती रोज सकाळी सात वाजता हॉटेलात हजर असते.

बिराजदारांनी निवृत्तीनंतर पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत पोरं घडवली. 14 सप्टेंबर 2011 ला ते गेले. त्यांच्या हातून घडलेल्यांची पदकं कागदावर आहेत, ती कोणीही तपासू शकतो. पण रामलिंग मुदगडपासून दूर, जिथं ते फिरकलेही नसतील अशा एखाद्या हॉटेलात त्यांच्या एका कुस्तीवरून आज चार म्हातारे भांडतात, एकाची कंबर धरते, दुसऱ्याची बाही फाटते, हे कुठल्या पुरस्कारात बसवायचं? विजेता एकदा निवृत्त होतो, गुडघे दुखतात, लंगोट खुंटीला लागतो. चाहत्याला ती सोय नाही. त्याला मरेपर्यंत आखाड्यात उभं राहावं लागतं, मानधनाशिवाय, आणि तेही दुसऱ्याच्या कुस्तीसाठी. थोडंफार खोटं बोलण्याचा हक्क त्यानं कष्टानं कमावलेला आहे.

तेव्हा माझी तरुण मंडळींना हात जोडून एवढीच विनंती. येत्या दसऱ्याला, नाहीतर गावच्या जत्रेला, कुस्तीच्या फडाकडे जा. मोबाइल खिशात ठेवा. चित्रण करू नका. पुढच्या रांगेत मातीत बसा, कोण कोणाला पाडतंय ते डोळ्यांनी बघा, शेजारच्याशी भांडा, आणि जमलं तर हरलेल्या पैलवानाचं नाव-गावही विचारून ठेवा. चाळीस वर्षांनी तुम्हालाही कोणाला तरी ‘आम्ही होतो ना तिथं!’ म्हणावं लागणार आहे. बाकी सगळं तुम्ही खुशाल रचा, त्याला कोणाची हरकत नाही. फक्त तेवढं एक वाक्य खरं असू द्या.